विश्लेषण : विमान अपघाताची गोष्ट सांगताना शेवट आधी सांगायचा की नंतर?

डिजिटल डेस्कच्या विमानविषयक व्हिडिओंवर वाचक-प्रेक्षकांनी घेतलेले आक्षेप, त्यातले पटलेले आणि न पटलेले. आणि आता काय बदलणार, याविषयी...

गेले काही महिने आमचा डिजिटल डेस्क विमाने आणि विमान अपघातांचे चौकशी अहवाल समजावून सांगणारे दहा-बारा मिनिटांचे व्हिडिओ करतो आहे. त्यातल्या बहुतेकांची स्क्रिप्ट प्रस्तुत लेखकाने लिहिली आहे. पात्रता सांगायची तर मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची चिकाटी, एवढीच. कॉकपिटमध्ये बसून एक तासही काढलेला नाही.

कौतुक बरेच झाले. पण गेल्या काही आठवड्यांत आलेली पत्रे आणि मेल वेगळ्या सुराची आहेत. लिहिणाऱ्यांमध्ये दोन वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रण कक्षातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, पदार्थविज्ञानाचे एक शिक्षक आणि केबिन क्रूमध्ये काम करणाऱ्या मुलीची आई आहे. माहिती चुकली, अशी तक्रार त्यात एकच आहे. बाकी सगळ्यांचे म्हणणे असे की, माहिती बरोबर होती, पण ती तुम्ही ज्या पद्धतीने सांगितली ते बरे केले नाही. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ एवढ्या उत्तरावर हे भागण्यासारखे नाही.

सुरुवात कुठून झाली?

‘गिमली ग्लायडर’च्या व्हिडिओपासून. 23 जुलै 1983 रोजी एअर कॅनडाचे बोइंग 767 विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. 41 हजार फुटांवर त्याचे इंधन संपले, दोन्ही इंजिने बंद पडली. विमानात 69 जण होते. मुख्य वैमानिक बॉब पिअर्सन हे ग्लायडर उडवणारे. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमली येथील हवाई दलाचा जुना तळ माहीत होता. त्या दिवशी तिथल्या धावपट्टीवर मोटार शर्यतींचा कार्यक्रम सुरू होता, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हते. इंजिनाविना तरंगत आलेले विमान त्यांनी तिथे उतरवले. पुढचे चाक नीट लॉक झाले नव्हते, त्यामुळे नाक घासत विमान थांबले. सगळे वाचले.

‘सगळे वाचले’ हे दोन शब्द आमच्या व्हिडिओत अकराव्या मिनिटाला आले. थंबनेलवर अंधारातले कॉकपिट, सुरुवातीला घाबरलेल्या प्रवाशांचे चित्र आणि निवेदनात ‘पुढे जे घडले...’ अशी वाक्ये. वाचकांनी विचारले, हे शिक्षण आहे की मालिकेचा भाग? 69 माणसांचा जीव तुम्ही दहा मिनिटे टांगून का ठेवलात?

आमचे पहिले उत्तर तयार होते आणि ते अगदी खोटेही नाही. निकाल आधी कळला की प्रत्येक निर्णय त्या निकालाच्या चष्म्यातून दिसतो. विमान पडले हे माहीत असलेल्या माणसाला वैमानिकाचा प्रत्येक निर्णय मूर्खपणाचा वाटतो. ज्याला काही माहीत नाही, तोच वैमानिकाच्या शेजारी बसून विचार करू शकतो. चौकशी अधिकाऱ्यांनाही हा सापळा चुकवावा लागतो. म्हणून घटनाक्रम जसा घडला तसाच सांगायचा, असे आम्ही ठरवले होते.

पण हे उत्तर लिहायला बसल्यावर लक्षात आले की, आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्या होत्या. घटनाक्रम राखणे एक आणि माणसे जगली की मेली हे लपवणे दुसरे. पहिल्यासाठी दुसऱ्याची गरजच नाही. गिमलीच्या घटनेत खरी उत्कंठा आहे ती एका गुणाकारात. विमानाचा इंधनदर्शक बिघडला होता, म्हणून टाकीतले इंधन डिपस्टिकने मोजले गेले. ते भरले 7,682 लिटर. प्रवासाला हवे होते 22,300 किलो. लिटरचे किलो करायला साधारण 0.8 ने गुणायचे. पण कागदावर आकडा होता 1.77. हा आकडा लिटरचे पौंड करण्याचा. त्यामुळे टाकीत आधीच 13,597 ‘किलो’ आहेत असे निघाले आणि आणखी फक्त 4,917 लिटर भरले गेले. खरे तर 20 हजार लिटरच्या आसपास भरायला हवे होते. विमान निघाले तेव्हा कागदावर 22,300 किलो होते. टाकीत होते 22,300 पौंड, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

आता हा हिशेब ‘सगळे वाचले’ हे माहीत असताना वाचला, तरी अंगावर काटा येतोच. किंबहुना जास्त नीट वाचता येतो, कारण जीव घशात अडकलेला नसतो. कॅनडा तेव्हा मेट्रिक मापांकडे वळत होता, कंपनीच्या ताफ्यातले किलोत इंधन मोजणारे हे पहिलेच विमान होते, आणि पूर्वी हा हिशेब करणारा फ्लाइट इंजिनीअर नव्या दोन आसनी कॉकपिटमधून गेला होता. त्याचे काम नेमके कुणाचे, हे स्पष्ट नव्हते. व्हिडिओचा धडा इथे होता. त्याला आम्ही सव्वा मिनिट दिले आणि विमान तरंगत येण्याला पाच मिनिटे.

असे का झाले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. प्रेक्षक कोणत्या सेकंदाला व्हिडिओ सोडून जातात, याचा आलेख आमच्या पडद्यावर रोज असतो. शेवट लपवला की तो आलेख उशिरा घसरतो. ‘निकालाच्या चष्म्या’ची तात्त्विक बाजू आम्हाला नंतर सुचली; आधी सुचला होता तो आलेख.

म्हणून यापुढे प्रत्येक अपघाताच्या व्हिडिओत पहिल्या मिनिटातच किती जण होते, किती वाचले, हे सांगितले जाईल. कारण मात्र त्याच्या जागीच येईल.

कोझिकोडच्या व्हिडिओचे काय?

हा आक्षेप सगळ्यांत जड आहे. 7 ऑगस्ट 2020 रोजी ‘वंदे भारत’ मोहिमेत दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग 737 कोझिकोडच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळले. विमानात 190 जण होते, 21 जणांचा मृत्यू झाला. मुख्य वैमानिक कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. त्यांचे घर मुंबईत आणि आईवडील नागपुरात, त्यामुळे महाराष्ट्रात त्या रात्री ही बातमी घरातल्यासारखी ऐकली गेली. सहवैमानिक अखिलेश कुमार यांचाही मृत्यू झाला.

आमच्या व्हिडिओच्या शीर्षकात ‘वैमानिकाची चूक’ हे शब्द होते. त्यावर दोन टोकांची पत्रे आली. काहींचे म्हणणे, शेकडो प्रवाशांना आयुष्यभर सुखरूप पोहोचवलेल्या आणि त्या रात्री स्वतःही जिवानिशी गेलेल्या माणसाला असे चौकात उभे करू नये. केबिन क्रूमधल्या मुलीच्या आईने मात्र वेगळा मुद्दा मांडला. चूक झाली असेल तर सांगा, असे त्या म्हणतात. माझी मुलगी रोज त्या दाराच्या मागे काम करते; तिला ज्या व्यवस्थेवर भरवसा ठेवावा लागतो, त्या व्यवस्थेबद्दल तुम्ही काय सांगितले?

पहिल्या गटाशी आम्ही सहमत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विमान अपघात अन्वेषण विभागाच्या अहवालात संभाव्य कारण स्पष्ट लिहिले आहे : स्थिर नसलेला अप्रोच चालू ठेवणे, ठरलेल्या टप्प्याच्या पुढे चाके टेकवणे आणि सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटल्यावरही विमान पुन्हा हवेत न उचलणे. 8,858 फूट लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली 4,438 फुटांवर, म्हणजे निम्मी धावपट्टी मागे पडल्यावर. पाऊस होता, पाठीमागून सुमारे 14 नॉटचा वारा होता आणि जमिनीवरचा वेग 165 नॉट, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. हे न सांगता कोझिकोडवर व्हिडिओ करणे म्हणजे प्रेक्षकांना फसवणे. आदर म्हणून माहिती गाळायची, ही रीत श्रद्धांजलीच्या लेखात चालेल, इथे नाही.

आईंच्या मुद्द्याला मात्र आमच्याकडे उत्तर नाही. कारण त्याच अहवालात पुढे जे लिहिले आहे, ते आम्ही शेवटच्या दीड मिनिटात उरकले. पहिल्या प्रयत्नात मुख्य वैमानिकाच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. कोझिकोडला मुख्य वैमानिक पुरेसे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच वैमानिकाच्या नावावर होते आणि काहीही करून तिथेच परतण्याचा दबाव त्यातून आला, असे अहवाल सुचवतो. कॉकपिटमध्ये ज्येष्ठ-कनिष्ठ हे अंतर इतके होते की, धोका कळूनही सहवैमानिकाने नियंत्रण हाती घेतले नाही, अशीही नोंद आहे. कंपनीतल्या पद्धतशीर त्रुटींचा उल्लेख आहे.

साहेबांसमोर बोलायचे कसे, हा प्रश्न आपल्याकडे कुठल्याही कचेरीत, शाळेत, इस्पितळात ओळखीचा आहे. सहवैमानिक बोलला, पण हात पुढे गेला नाही. दोन अंकी नाटक लिहावे इतका ऐवज त्या एका वाक्यात आहे आणि आम्ही तो मुद्दा ‘इतर कारणे’ या पाटीखाली एका ओळीत टाकला. आधी दहा मिनिटे एक माणूस आणि मग दीड मिनिट व्यवस्था, असा क्रम लावला की, एकही शब्द खोटा न बोलता निकाल दिला जातो. प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला लिहिलेले असते की, या चौकशीचा हेतू अपघात टाळणे हा आहे, दोष ठरवणे नव्हे. ते वाक्य आम्ही पडद्यावर दाखवतो आणि लगेच खाली ‘चूक’ असे शीर्षक देतो.

तो व्हिडिओ मागे घेतला आहे. नवी आवृत्ती कोझिकोडच्या ड्युटी रोस्टरपासून सुरू होईल.

खलनायक लागतोच का?

गोष्ट सांगणाऱ्याला तो हवासा वाटतो. क्लिंट ईस्टवूड यांचा ‘सली’ (2016) हा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. 15 जानेवारी 2009 रोजी पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने निकामी झालेले एअरबस विमान कॅप्टन सलनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवले, सर्व 155 जण वाचले. सगळेच वाचले तर संघर्ष कुणाशी? चित्रपटाने चौकशी अधिकाऱ्यांना खलनायक केले. ते वैमानिकाला अडकवू पाहतात, असे दाखवले. प्रत्यक्षात नदीत उतरण्याचा निर्णय योग्य होता, असे त्याच चौकशी मंडळाने अहवालात म्हटले आहे. सिम्युलेटरमध्ये धडकेनंतर क्षणात वळलेले विमान धावपट्टीपर्यंत पोहोचू शकत होते. पण परिस्थिती समजून घ्यायला लागणारे 35 सेकंद धरले तर नाही, हे मंडळाने स्वतःच तपासले होते. संबंधित अधिकाऱ्यांनी चित्रपटावर नाराजी व्यक्त केली, ती रास्त होती.

आम्ही चित्रपट करत नाही, असे म्हणून सुटता येणार नाही. टेनेरीफच्या व्हिडिओत आम्हीही हेच केले.

27 मार्च 1977 रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरीफच्या विमानतळावर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन जम्बो जेट धावपट्टीवर धडकली. 583 मृत्यू. आमच्या व्हिडिओचा नायक, खरे तर खलनायक, होता केएलएमचा घाईत असलेला ज्येष्ठ कॅप्टन. निवृत्त नियंत्रकांनी तीन पानी पत्र पाठवले आहे, हाताने लिहिलेले. त्यांचा मुद्दा : घाई होती, नाही कोण म्हणतो? पण आमच्या धंद्याने या अपघातातून काय शिकले, ते तुमच्या व्हिडिओत कुठे आहे?

ते म्हणतात ते असे. केएलएमच्या वैमानिकाने रेडिओवर जे सांगितले त्यातून ‘आम्ही टेक-ऑफ करत आहोत’ असाही अर्थ निघत होता आणि ‘टेक-ऑफच्या जागी उभे आहोत’ असाही. नियंत्रकाने दुसरा अर्थ घेतला. त्याच क्षणी नियंत्रक आणि पॅन अ‍ॅम दोघेही बोलले, दोन संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कानात शिट्टीसारखा आवाज गेला. धुक्यात कुणाला कुणी दिसत नव्हते. यानंतर नियम कडक झाला : ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा, बाकी सर्व वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे. पुढची सगळी नोकरी त्यांनी हा शब्द जिभेवर अडवून काढली. आमच्या व्हिडिओत या नियमाचा उल्लेख नव्हता.

कॉकपिटमधले आवाज

त्याच पत्रात आणखी एक आक्षेप आहे. कॉकपिटमधले संवाद आम्ही कलाकारांकडून वदवून घेतो. थरथरता स्वर, ओरडणे, मागे ढोल. नियंत्रक लिहितात की, आणीबाणीतला आवाज त्यांनी ऐकला आहे आणि तो बहुधा सपाट असतो. माणसे कामात असतात.

अमेरिकेचे चौकशी मंडळ कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण जाहीर करत नाही, फक्त लेखी उतारा देते. मरणाऱ्या माणसाचा आवाज ही करमणुकीची वस्तू होऊ नये, हा त्यामागचा संकेत. उताऱ्यात शब्द असतात, स्वर नसतो. म्हणजे त्यातला प्रत्येक थरकाप आम्ही पदरचा घातला होता. यापुढे उतारे पडद्यावर अक्षरांत दिसतील आणि निवेदक ते साध्या आवाजात वाचेल. ढोल बंद.

माहितीची एक चूक

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांचे म्हणणे विनाअट मान्य. ‘विमान उडते कसे’ या व्हिडिओत आम्ही सांगितले की, पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने हवेला जास्त अंतर कापावे लागते; मागच्या टोकाला खालच्या हवेला गाठायचे म्हणून ती वेगाने धावते आणि त्यामुळे दाब कमी होतो. यातले ‘गाठायचे’ हे साफ चूक आहे. वरच्या हवेने खालच्या हवेला गाठावे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. बोगद्यात धूर सोडून पाहिले तर वरची हवा आधीच पुढे निघून गेलेली दिसते. शिवाय हे खरे असते तर हवाई कसरतींची विमाने उलटी उडालीच नसती. पंख हवेला खाली वळवतो, हवा पंखाला वर ढकलते. वर दाब कमी, खाली जास्त, ही त्याच घटनेची दुसरी बाजू. प्रस्तुत लेखकाने कॉलेजात परीक्षेत चुकीचेच उत्तर लिहिले होते आणि त्याला पूर्ण गुण मिळाले होते, हे जाता जाता नमूद करतो.

काय बदलणार नाही?

फूट आणि नॉट काढून टाका, अशी सूचना आहे. काढणार नाही, शेजारी मीटर आणि किलोमीटर देऊ. परदेशातलेच अपघात का, या तक्रारीत तथ्य आहे. भारतीय अहवाल उपलब्ध असतात, आम्ही आळस केला.

आणि अहमदाबाद. 12 जून 2025 रोजी एअर इंडियाचे लंडनला निघालेले बोइंग 787 उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले. विमानातले 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जण गेले. एकच प्रवासी वाचला. त्यावर आम्ही व्हिडिओ केला नाही म्हणून ‘घाबरलात का’ असे विचारणारी पत्रे सर्वाधिक आहेत. महिनाभराने आलेला प्राथमिक अहवाल पंधरा पानांचा होता. त्यात दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘रन’वरून ‘कट-ऑफ’वर गेल्याची नोंद आहे. एका वैमानिकाने ‘का बंद केलेस’ असे विचारल्याची आणि दुसऱ्याने आपण तसे केले नसल्याचे सांगितल्याचीही नोंद आहे. कोण काय म्हणाले, हे त्यात नाही. स्विच कसे हलले, हेही नाही.

एवढ्या सामग्रीवर दहा मिनिटांची गोष्ट रचायची तर मधल्या जागा भराव्या लागतात आणि त्या भरायला हाताशी असतात फक्त दोन मेलेली माणसे, जी उत्तर देऊ शकत नाहीत. त्या आठवड्यात अनेकांनी त्या भरल्या. आमच्याकडेही अर्धी स्क्रिप्ट तयार होती, शीर्षकासह. ती थांबवली गेली ती शहाणपणाने नव्हे. डेस्कवरच्या एका सहकाऱ्याने ‘हा संवाद म्हणणारा आवाज कुणाचा दाखवायचा, डावीकडचा की उजवीकडचा?’ एवढेच विचारले म्हणून. उत्तर नव्हते. ती स्क्रिप्ट तशीच पडून आहे आणि प्राथमिक अहवालावर अपघाताची गोष्ट करायची नाही, हा नियम तेव्हापासून पाळतो आहोत.

टेनेरीफची नवी स्क्रिप्ट निवृत्त नियंत्रकांना वाचायला पाठवली होती. लाल शाईच्या अकरा खुणा होऊन ती परत आली आहे. नऊ दुरुस्त केल्या. उरलेल्या दोन कॅप्टनच्या घाईला किती सेकंद द्यायचे, याबद्दल आहेत आणि त्यावर फोनवर आमचा वाद अजून चालू आहे.